हातातलं लिनक्स गेमिंग यंत्र : मृग निघायच्या आत फर्मवेअर गोठवायचंय, नजरेखालून घाला

रेणापूरकर | २ मे, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

वर्षभर इथं तुकड्यातुकड्यानं जिच्याबद्दल लिहीत होतो ती 'डबी' आता खरंच तयार झालीय. साडेतीन इंची पडदा, ६४० बाय ४८० ठिपके, दोन्हीकडं बटणं, दोन काड्या (जॉयस्टिक), आत आरके३५६६ चिप, २ जीबी रॅम, १६ जीबी ईएमएमसी (आतली कायमची साठवण) आणि गेमसाठी कार्डाची खाच. एकूण ४० नग. पैसे आम्ही सहा जणांनी घातलेत. १५ नग गावातल्या आणि तांड्यावरच्या वाचनालयांना द्यायचे, बाकीचे इथं ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांना.

बोर्ड आता बदलत नाही. राहिलंय ते फर्मवेअर (यंत्रात भरायचं सॉफ्टवेअर), आणि ते मृग निघायच्या आत गोठवायचंय. त्यानंतर आमच्यातले तिघं पेरणीत अडकतात, म्हणून तारीख पुढं ढकलता येत नाही.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. चालू बटण दाबलं की चिपच्या पोटात कायमचा कोरलेला बूटरॉम जागा होतो आणि ईएमएमसीच्या ६४ व्या सेक्टरपासून पुढचा तुकडा उचलतो. तो तुकडा रॅम चालू करतो, मग यू-बूट (प्रणाली चालू करून देणारा प्रोग्राम) येतं, आणि यू-बूट कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि डिव्हाइस ट्री उचलतं. डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्राचा सातबारा. कोणता पिन कोणाच्या नावावर, कोणत्या भागाला किती व्होल्ट, हे सगळं त्यात असतं. त्यात एक ओळ चुकली तर पडदा काळा, नाहीतर आवाज गायब. त्यावर बिल्डरूट नावाच्या साधनानं बांधलेली प्रणाली. तिचा मुख्य भाग फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. तिच्या दोन प्रती ठेवल्यात, 'अ' आणि 'ब'. अपडेट नेहमी जी चालू नाही तिच्यावर जातं.

पडदा, बटणं, आवाज, वाय-फाय, कार्ड, हे सगळं चालायलंय. अडलंय ते इथं :

१. झोप. चालू बटण हलकं दाबलं की यंत्र झोपतं, उठतंही. पण रात्री पूर्ण भरलेली बॅटरी सकाळी ४० टक्क्यांवर.

२. पेनड्राइव्हवरून अपडेट. आमच्या टेबलावर शंभर टक्के चालतं, पण टेबलावर लाईट जात नाही.

३. चार्जिंग. मागच्या आठवड्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावून गेम खेळलो, तर मागची बाजू हाताला सोसवेना.

माझ्या मनात क्रम स्पष्ट आहे. गेम हळू चालला तर पुढच्या अपडेटमध्ये सुधारता येईल. बंद पडलेली डबी दुरुस्त करायला तांड्यावर कुणी नाही, आणि तापलेली बॅटरी पोराच्या हातात असणार. म्हणून २ आणि ३ आधी. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

---

नांदेडचा_गडी | ३ मे, सकाळी ८.०५

अभिनंदन दादा! माझं नाव यादीत पहिल्या दहात आहे, आणि मला सुट्टी संपायच्या आत हवीय. तुमचे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत, पण सगळं पूर्ण होईपर्यंत थांबलात तर कधीच निघणार नाही. आहे तशी द्या, अपडेट नंतर पाठवा. मोठमोठ्या कंपन्याही पहिल्या दिवशी अपडेट घ्यायला लावतातच की.

आणि सोबत जुने गेम भरून द्या ना. टीव्हीला जोडायचो ते कॅसेटवाले.

---

जुना_पँडोरावाला | ३ मे, सकाळी ९.५०

गड्या, तुझी घाई समजते. मी स्वतः पँडोरासाठी थांबलेला माणूस आहे. २००८ मध्ये आगाऊ पैसे घेतले आणि पहिले नग २०१० मध्ये निघाले. तेही तुझ्यामाझ्यासारख्यांनीच उभं केलेलं हातातलं लिनक्स यंत्र होतं. ओमॅप३५३० चिप, ४.३ इंची पडदा, पूर्ण कळफलक. त्या दोन वर्षांत त्यांच्या चर्चामंडळावर रोज भांडणं व्हायची. म्हणून मी रेणापूरकरांना सांगीन, तारीख सांगायची ती एकदाच सांगा, आणि रोज थोडं थोडं काय झालं ते लिहीत राहा. लोक थांबतात. अंधारात ठेवलं की चिडतात.

पँडोराची एक गोष्ट आजही उचलण्यासारखी वाटते. तिथं गेम 'इन्स्टॉल' व्हायचाच नाही. प्रत्येक गेम म्हणजे कार्डावरची एकच पीएनडी फाइल. ती उघडली की तात्पुरती जोडली जायची, बंद केली की सुटायची. यंत्राच्या आतल्या मेमरीला धक्काच नाही. कार्ड काढलं, दुसऱ्याच्या यंत्रात घातलं, गेम चालू. तुमच्या डबीत प्रणाली वाचण्यापुरती आणि गेम कार्डावर, हा तोच विचार आहे. तो कुणाच्याही सांगण्यावरून मोडू नका.

व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक (तेही हातातलंच लिनक्स यंत्र) आला २०२२ च्या फेब्रुवारीत. त्याचा मुहूर्त आधी डिसेंबर २०२१ चा होता, तो दोन महिने पुढं गेला. त्यातही प्रणालीच्या दोन प्रती आहेत आणि अपडेटला रॉक (आरएयूसी) नावाचं साधन आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला उशीर चालला, तर सहा जणांना का चालू नये?

---

रेणापूरकर | ३ मे, दुपारी १.१५

गड्या, कॅसेटच्या गेमांचं मनापासून सांगतो. ते कुणाच्या तरी मालकीचे आहेत आणि आपण ४० नगांसोबत वाटायला लागलो तर ती चोरीच आहे, गेम कितीही जुना असो. वाचनालयाला जाणाऱ्या वस्तूत ते नकोच. सोबत सुपरटक्स, फ्रीडूम आणि लुआंटी (पूर्वीचं माइनटेस्ट) देतोय. तिन्ही मुक्त आहेत. लुआंटीत पोरं घरं बांधत बसतात, ते मला फार आवडलं. कर्नलचा आणि यू-बूटचा आम्ही बदललेला स्रोतही कार्डावरच ठेवतोय. जीपीएल या परवान्याप्रमाणे तो द्यावाच लागतो, आणि न सांगताही दिला असता.

काका, 'तारीख एकदाच' हे पटलं. ६ जून. आता बदलणार नाही.

---

परभणीचा_बॅटरीवाला | ३ मे, रात्री १०.३०

मी सौर आणि ई-बाईकच्या बॅटऱ्यांचं काम करतो. तुमचा तिसरा मुद्दा वाचून बसवेना म्हणून लिहितोय.

आधी हे सांगा, पॅकला तारा किती? दोन का तीन?

लिथियमच्या सेलच्या कागदावर दोन वेगळी तापमानं असतात. वापरताना बहुतेक ६० अंशांपर्यंत चालतं, पण भरताना शून्य ते ४५ च. ४५ च्या वर भरत राहिलं की सेल आतून खराब होतो, वायू धरतो, फुगतो. परभणीत मे महिन्यात बाहेर ४३-४४ म्हणजे काही नवल नाही. पत्र्याखाली त्याहून जास्त. म्हणजे तुमची डबी नुसती ठेवली तरी ४५ ला टेकली. त्यात भरताना सेल स्वतः तापतो आणि शेजारी चिप गेम चालवत तापलेली.

तिसरी तार असेल तर ती थर्मिस्टरची. पंचवीस अंशाला १० किलोओहम, आणि तापमान वाढलं की रोध उतरतो. पंचेचाळिसाला निम्म्याखाली येतो. चार्जर तो वाचून आपोआप थांबतो. तार नसेल तर तुमचं यंत्र आंधळं आहे.

---

रेणापूरकर | ४ मे, सकाळी ७.२०

दोनच तारा आहेत.

नमुन्याच्या पॅकला तीन होत्या. खेपेत आलेल्या सगळ्या पॅकला दोनच, आणि बोर्डावर चार्जरच्या त्या पिनला पक्का १० किलोओहमचा रोध लावून कारखान्यानं आमच्याकडं पाठवला. म्हणजे चार्जरला कायम पंचवीसच अंश दिसतात. काल रात्री बोर्ड उघडून बघितलं तेव्हा पाय गळाले. आम्ही नमुना तपासला, खेप तपासली नाही.

आता पर्याय दोन. एक, चिपचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये वाचून त्यावरून अंदाज बांधायचा आणि चार्जिंग थांबवायचं. हे मला आजच रात्री करता येईल. दोन, ४० पॅक उघडून थर्मिस्टर बसवायचा. त्याला किमान दोन आठवडे.

---

परभणीचा_बॅटरीवाला | ४ मे, सकाळी ७.४५

दुसरा. पहिल्याचा विचारही करू नका.

चिप गार आणि सेल गरम असं रोज होतं. यंत्र बंद करून उन्हात खिडकीत चार्जिंगला लावलं, की चिप झोपलेली, सॉफ्टवेअरही झोपलेलं, आणि चार्जर मात्र जागा. त्या वेळी तुमचा अंदाज बांधणारा प्रोग्राम चालतच नाही. ही राखण यंत्र बंद असतानाही चालली पाहिजे, म्हणून ती चार्जरच्या चिपमध्येच हवी. सॉफ्टवेअर त्याच्या वर.

पॅक माझ्याकडं आणा. थर्मिस्टर सेलला चिकटवून, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) लावून, बोर्डावरचा तो रोध काढून तार जोडायची. एका पॅकला वीस-पंचवीस मिनिटं. दोन रविवार पुरे. मजुरी नको, चहा तुमचा.

---

रेणापूरकर | ४ मे, सकाळी ७.५०

दादा, येतोय. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं.

---

वाळूज_दुसरी_पाळी | ४ मे, दुपारी २.१०

मी वाळूजला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तुमच्या खेपेच्या गोष्टीवरून सांगतो. फर्मवेअर गोठवताय तर तपासणीही गोठवा. म्हणजे असं :

प्रत्येक नगासाठी एकच कागद. नग क्रमांक, पडदा कोणत्या खेपेचा, पॅकच्या तारा किती, थर्मिस्टर कोणत्या तापमानाला काय वाचतो, कोणतं फर्मवेअर भरलं. भरून झाल्यावर ईएमएमसी परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघायची. 'भरलं म्हणजे झालं' हे आमच्याकडं कुणी ऐकून घेत नाही.

आणि एक नग मुद्दाम बिघडवा. यू-बूटच पुसून टाका. मग मास्करॉममध्ये (नुसता बूटरॉम जागा असतो त्या स्थितीत) नेऊन यूएसबीच्या वायरीनं परत जिवंत करून दाखवा, आणि ज्यानं आधी कधी केलं नाही अशा माणसाकडून करून घ्या. त्याला जिथं अडेल ते कागदावर लिहा. तो कागद ४० नगांसोबत गेला पाहिजे.

पडदे एकाच खेपेचे आहेत का?

---

रेणापूरकर | ४ मे, रात्री ९.००

नाहीत. ३१ एका खेपेचे, ९ दुसऱ्या. दिसायला सारखे, पण जागं करायच्या आज्ञा वेगळ्या. यू-बूट आता पडद्याला त्याचा ओळख क्रमांक विचारतं आणि त्याप्रमाणे डिव्हाइस ट्रीत योग्य पडदा लावून पुढं जातं, म्हणजे फर्मवेअर एकच राहतं. हे मागच्या महिन्यात झालं, दोन्ही पडद्यांवर बघितलंय.

तपासणीचा कागद आजपासून सुरू.

---

उदगीरकर | ५ मे, रात्री १२.३०

झोपेबद्दल. नऊ तासांत ६० टक्के गेलं, पॅक तुमचा ३००० चा, म्हणजे १८०० मिलीअँपिअर-तास, म्हणजे तासाला २००. एवढं खाणारं यंत्र झोपलेलंच नाही. नीट झोपलं तर हा आकडा दहाच्या आसपास यायला पाहिजे.

कर्नलमध्ये पीएम-टेस्ट नावाची सोय आहे. झोपेच्या पायऱ्या एकेक करून तपासता येतात : आधी नुसत्या प्रक्रिया गोठवायच्या, मग उपकरणं, मग पुढचं. प्रत्येक पायरीवर पाच सेकंद थांबून परत येतं. त्यानं कोण अडवतंय ते कळेल. माझा संशय वाय-फायवर. एसडीआयओवर (कार्डासारख्या जोडणीवर) असलेली चिप झोपेतही वीज धरून ठेवते आणि तिच्यामुळं एक अख्खा रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) चालू राहतो. पण हे शोधायला मला महिना लागला होता, दुसऱ्या बोर्डावर.

म्हणून पहिल्या आवृत्तीत झोप ठेवूच नका. बटण दाबलं की गेमची स्थिती साठवून सरळ बंद. त्याऐवजी चालू व्हायचा वेळ कमी करा. आता किती लागतो?

---

रेणापूरकर | ५ मे, सकाळी ६.४०

३१ सेकंद.

---

उदगीरकर | ५ मे, सकाळी ९.१०

बारावर येतो. यू-बूटमधला थांबण्याचा वेळ शून्य करा, कर्नलचे संदेश पडद्यावर लिहिणं बंद करा, वाय-फाय मेन्यू दिसल्यावर मागून चालू करा. आधी मेन्यू, मग बाकीचं. पोराला नेटवर्क नको असतं, गेम हवा असतो.

---

किनवटच्या_बाई | ९ मे, सायंकाळी ५.३०

नमस्कार. रेणापूरकरांनी मागच्या आठवड्यात एक नग माझ्याकडं वापरून बघायला दिला. सुट्टी आहे, पण गावातली आणि शेजारच्या तांड्यावरची पोरं रोज दुपारी वाचनालयात येतात. आठ दिवस त्यांच्याच हातात होता. मी फक्त बघत बसले आणि वहीत लिहिलं. मला तांत्रिक कळत नाही, जे दिसलं ते सांगते.

पोरं यंत्र 'बंद' करत नाहीत. एकाची पाळी संपली की दुसरा ओढून घेतो, नाहीतर कार्डच उपसतात. एकानं दहा वेळा कार्ड चालू गेममध्ये काढलं. यंत्र एकदाही बिघडलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मेन्यूतला 'दुसऱ्या' हा शब्द तुटलेला दिसतो. र वेगळा, य वेगळा, मध्ये पाय मोडल्याची खूण. 'पुन्हा' पण तसंच. चौथीतल्या मुलीनं मला विचारलं, "बाई, हे चुकीचं लिहिलंय ना?" शाळेत आम्ही शुद्धलेखनाचे गुण कापतो आणि यंत्रच चुकीचं लिहितंय, हे बरं दिसत नाही. 'ल' आणि 'श' सुद्धा हिंदीच्या वळणाचे आहेत. त्यांच्या पुस्तकातले तसे नसतात.

'ए' आणि 'बी' ही बटणं त्यांना कळली नाहीत. मी एका बटणावर हिरवी आणि एकावर लाल टिकली चिकटवली, तेव्हा पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. मेन्यूतही 'होय' हिरवा आणि 'नाही' लाल करता येईल का?

शेवटचं. मंगळवारी तुम्ही पेनड्राइव्हवर नवीन आवृत्ती दिली होती, ती मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे लावली. खाली '०.९' आलं. शुक्रवारी बघते तर परत '०.८'. मी काहीच केलं नाही. पोरांनाही येत नाही.

---

रेणापूरकर | ९ मे, सायंकाळी ६.००

बाई, तुमचे उपकार कसे मानू? शुद्धलेखनाचं आधी : मेन्यू ज्या लायब्ररीनं अक्षरं काढतो ती हार्फबझशिवाय बांधली गेली होती. अक्षरं जोडायचं काम हार्फबझ करतं, ते नसलं की जोडाक्षर सुटं पडतं. आज परत बांधतो. फाँटला भाषा मराठी आहे असंही सांगायचं राहिलं होतं, म्हणून हिंदी वळणाचा ल आला. हिरवा-लाल नक्की करतो, टिकल्याही सोबत देऊ.

पण ०.९ चं ०.८ कसं झालं, हे मला समजेना. दोन प्रतींची गंमत हीच की नवीन चालली नाही तर यंत्र आपणहून जुन्यावर येतं. म्हणजे तिथं नवीन 'चालली नाही' असं यंत्राला वाटलं. पण ती तर चालत होती?

---

किनवटच्या_बाई | ९ मे, सायंकाळी ६.१०

अगदी व्यवस्थित. तीन दिवस पोरं त्यावरच खेळली.

---

उदगीरकर | ९ मे, रात्री ११.२०

बाई, दिवसातून किती वेळा चालू-बंद होत असेल? आणि तिथं वाय-फाय आहे का?

---

किनवटच्या_बाई | १० मे, सकाळी ७.००

वाय-फाय नाही. मोबाईलला रेंज यायलाही गच्चीवर जावं लागतं. मंगळवार ते गुरुवार रोज एकदाच चालू केलं, संध्याकाळी चार्जिंग संपायला आलं की मी बंद करायची. शुक्रवारी सकाळी चालू केलं तेव्हा ०.८.

---

उदगीरकर | १० मे, सकाळी ७.२५

सापडलं. तीन वेळा चालू केलं, चौथ्यांदा जुनं आलं.

यू-बूट प्रत्येक वेळी बूटकाउंट (किती वेळा चालू झालं तो आकडा) एकानं वाढवतं. तुमची मर्यादा तीन. प्रणाली नीट उभी राहिली की तिनं 'मी ठीक आहे' असं सांगून तो आकडा शून्य करायचा असतो. रेणापूरकर, तुमची ती 'मी ठीक आहे' सांगणारी स्क्रिप्ट कशाची वाट बघते?

---

रेणापूरकर | १० मे, सकाळी ७.४०

नेटवर्कची.

लातूरला माझ्या खोलीत वाय-फाय कायम असतं, म्हणून मला एक वर्षात कधी दिसलं नाही. स्क्रिप्ट सगळ्यात शेवटी ठेवली होती आणि तिच्या आधीची पायरी वाय-फाय लागेपर्यंत थांबते. किनवटला वाय-फाय लागतच नाही, म्हणून 'मी ठीक आहे' कधी सांगितलंच गेलं नाही, आणि तीन दिवसांनी यंत्रानं चांगली प्रणाली टाकून दिली.

विचार करा, हे ४० नग असेच गेले असते तर. ज्या गावात नेटवर्क नाही तिथलं प्रत्येक यंत्र प्रत्येक अपडेटनंतर चौथ्यांदा चालू करताना मागं गेलं असतं, आणि सांगायला तिथून कुणाला फोनही लागला नसता. मी काल रात्रभर गेमच्या वेगावर काम करत होतो. आजपासून ते बंद.

आता स्क्रिप्ट एवढंच बघते : मेन्यू पडद्यावर आला का, बटण वाचता येतंय का, कार्डाची खाच प्रतिसाद देते का. नेटवर्कचा संबंध नाही. आणि आजपासून माझ्या टेबलावरच्या दोन नगांचं वाय-फाय कायमचं बंद.

---

वाळूज_दुसरी_पाळी | १० मे, दुपारी १.३०

हे तपासणीच्या कागदात घाला : 'वाय-फाय नसताना अपडेट, नंतर दहा वेळा चालू-बंद, आवृत्ती तीच राहिली का.'

लाईट जाण्याचं पण करा. पॅक काढून ठेवा, यंत्र बाहेरच्या पुरवठ्यावर चालवा, मध्ये एक टाइमर-रिले घाला आणि अपडेट चालू असताना कधीही वीज तोडा. आमच्याकडं दोनशे वेळा केल्याशिवाय पुढं सोडत नाहीत.

---

रेणापूरकर | १८ मे, रात्री १०.५०

थोडं थोडं लिहायचं ठरलं होतं, म्हणून :

परभणीचा पहिला रविवार झाला. २२ पॅक पूर्ण. दादांनी प्रत्येक थर्मिस्टर गरम पाण्याच्या भांड्याशेजारी धरून तापमापकाशी ताडून बघितला. दोन वाईट निघाले, बदलले. त्यांच्या घरच्यांनी आम्हा तिघांना दुपारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला, चहा मात्र ठरल्याप्रमाणे आमचाच.

रिलेची तपासणी : ६३ व्या तोडीला यंत्र अडकलं. यू-बूट स्वतःच्या नोंदी (कोणती प्रत चालवायची, आकडा किती) ईएमएमसीवर एकाच जागी लिहीत होतं. लिहिताना वीज गेली, नोंद फुटली, यू-बूटनं सगळं मूळ स्थितीवर नेलं आणि अर्ध्या भरलेल्या प्रतीवरच उडी घेतली. आता नोंदी दोन जागी, आलटून पालटून. एक फुटली तर दुसरी शाबूत. त्यानंतर २०० तोडी, एकही अडकलं नाही. अजून २०० चालू आहेत.

पेनड्राइव्हचं एक वेगळंच निघालं. पॅक काढून परत लावला की यंत्राचं घड्याळ १९७० ला जातं. अपडेटच्या फाइलवर सही असते आणि सहीच्या प्रमाणपत्राला मुदत असते. यंत्राला वाटतं १९७० चालू आहे, म्हणून प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालं नाही' म्हणून अपडेट नाकारतं. नेटवर्क असतं तर घड्याळ आपोआप लागलं असतं. उपाय सोपा : चालू होताना घड्याळ फर्मवेअर बांधल्याच्या तारखेपेक्षा मागं असेल तर त्या तारखेवर आणायचं, आणि बंद होताना शेवटची वेळ लिहून ठेवायची. वेळ अचूक नसेल, पण सही चालेल.

---

परभणीचा_बॅटरीवाला | १९ मे, सकाळी ८.१५

चार्जिंगचे आकडे ठरवू या. चार्जरची चिप ४५ ला थांबवेल, तो हद्दीचा दगड. त्याच्या अलीकडं सॉफ्टवेअरनं ४० च्या वर गेलं की करंट निम्मा करायचा, म्हणजे सेल स्वतः कमी तापेल. गेम चालू असताना ५०० मिलीअँपिअरच्या वर द्यायचंच नाही.

पण पोरांना कळलं पाहिजे. दुपारी चार्जिंग थांबलं की त्यांना वाटेल चार्जर बिघडला, मग कुणी तरी दुसरा जाडजूड चार्जर लावून बघेल.

---

किनवटच्या_बाई | १९ मे, दुपारी ४.००

पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहा : 'बॅटरी तापली आहे. गार जागी ठेवा. गार झाल्यावर आपोआप भरेल.' 'संध्याकाळी भरा' असं लिहू नका. आमच्याकडं संध्याकाळी लाईट असेलच असं नाही, दिवसा असते तेव्हाच भरून घ्यावं लागतं. वाचनालयाची मागची खोली कौलारू आहे, तिथं पत्र्यापेक्षा बरंच गार असतं. मी चार्जिंगची जागा तिथं करून घेते.

---

रेणापूरकर | १९ मे, रात्री ९.३०

बाईंचं वाक्य जसंच्या तसं घातलं. आमच्याकडं माळवदाच्या घरात हेच करता येईल. भर दुपारी आत गारवा असतो. सोबतच्या कागदावर पण लिहितो : पत्र्याखाली, खिडकीत, टीव्हीवर चार्जिंगला ठेवू नये.

---

नांदेडचा_गडी | २० मे, सकाळी १०.२०

दादा, मी ३ तारखेला 'आहे तशी द्या' म्हणालो होतो ते मागं घेतो. माझा नग शेवटी दिला तरी चालेल, आधी वाचनालयांचे जाऊ द्या. आणि बिघडवून परत जिवंत करायचा तो नग माझ्याकडं पाठवा. मी कधीच केलं नाही, म्हणजे तुम्हाला हवा तसाच माणूस आहे.

---

नांदेडचा_गडी | २७ मे, रात्री ११.००

झालं. तीन तास लागले. कागदावरची चौथी पायरी चुकीची आहे : बटण दाबून ठेवून मग वायर लावायची, तुम्ही उलटं लिहिलंय. सातव्या पायरीत वायर कोणत्या खाचेत हे लिहा, दोन सारख्या खाचा आहेत. फोटो काढून पाठवलेत. शेवटी मेन्यू आला तेव्हा घरात एकटाच ओरडलो.

---

उदगीरकर | १ जून, रात्री १०.१०

झोप अजून सुटली नाही. वाय-फाय काढून बघितलं तर २०० चं ७० झालं, म्हणजे अजून कुणीतरी जागं आहे. १.१ साठी ठेवतो. चालू व्हायचा वेळ १३ सेकंदांवर आलाय, बाराचा शब्द एका सेकंदानं चुकला.

---

रेणापूरकर | ६ जून, रात्री ११.१५

१.० गोठवलं.

४० नग भरले, वाचून ताडले, सगळे जुळले. ४० पॅकना थर्मिस्टर. रिलेच्या ४०० तोडी. वाय-फायशिवाय अपडेट आणि दहा वेळा चालू-बंद, सगळ्या नगांवर. चौथ्या आणि सातव्या पायरीची दुरुस्ती करून कागद छापला. झोप नाही, ते पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

बाई, तुमच्या १५ डब्या घेऊन मी सोमवारी परभणीहून नंदीग्रामनं किनवटला येतोय. पॅक निम्मेच भरलेत, येताना गाडीच्या डब्यात तापले तरी धोका कमी राहावा म्हणून. चार्जर आणि टिकल्यांचं पाकीट वेगळ्या पिशवीत. चौथीतल्या त्या मुलीला म्हणावं, 'दुसऱ्या' आधी तिनं तपासायचं.